रस्त्याचं काम निघालं, आता काठावरच्या झाडांचं काय करायचं?

रस्ता रुंद होतो, नवं गटार बसतं, पदपथावर नव्या फरश्या लागतात. काठावरचं झाड जागच्या जागी असतं, हिरवंही असतं. सगळे म्हणतात, चला, झाड वाचलं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेंड्याच्या फांद्या वाळायला लागतात, पानं बारीक निघतात आणि एखाद्या वादळात झाड मुळासकट आडवं होतं. दोष वाऱ्याला जातो. खरं तर चर खणला त्याच दिवशी झाडाचा निकाल लागलेला असतो. आपल्याला कळायला काही वर्षं लागतात, एवढंच.

म्हणून या लेखातलं निम्मं काम कुदळ पडण्याआधीचं आहे. तुम्ही साइटवरचे इंजिनीयर असा, ठेकेदाराचे मुकादम असा किंवा समोरच्या इमारतीत राहणारे असा, क्रम हाच ठेवा. खणायला सुरुवात झाल्यावर धावत जाऊन झाडाला मिठी मारण्याने फोटो चांगला येतो, मुळं वाचत नाहीत.

मुळं नेमकी असतात कुठे

झाडाचं चित्र काढताना आपण वर जेवढी पालवी तेवढंच खाली खोल मुळांचं जाळं काढतो. हे चित्र चुकीचं आहे. बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटर ते १ मीटर मातीतच असतात, आणि पाणी-क्षार शोषणारी केसासारखी तंतुमुळं तर मुख्यतः वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये. आडवी मात्र ती लांबवर पसरतात. पालवीची सावली पडते त्या कडेच्या पलीकडे, बऱ्याचदा पालवीच्या त्रिज्येच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत. कारण साधं आहे. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि खोल मातीत हवा फार नसते. झाड खुंटीसारखं जमिनीत ठोकलेलं नसतं, ते ऐसपैस मांडी घालून बसलेलं असतं.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. ‘आम्ही फक्त फूटभर खणतोय’ हे वाक्य दिलासा देणारं नाही. फूटभरातच तर सगळं आहे.

नुकसान तीन वाटांनी होतं. पहिली वाट सगळ्यांना दिसते, मुळं तुटणं. दुसरी दिसत नाही आणि माझ्या मते जास्त झाडं तीच मारते: माती दाबली जाणं. यंत्राच्या चाकाखाली मातीतल्या पोकळ्या मिटतात, हवा-पाणी आत जात नाही आणि मुळं गुदमरतात. यातला बहुतेक दाब पहिल्या काही फेऱ्यांतच बसतो. त्यामुळे ‘एकदाच ट्रक नेतो’ हीसुद्धा सवलत नाही. ओल्या मातीवर तर मुळीच नाही. तिसरी वाट म्हणजे रसायनं. सिमेंट धुतलेलं पाणी अतिशय अल्कधर्मी असतं, ते बुंध्याशी ओतलं की मातीची प्रकृतीच बदलते. डिझेल, ऑइल आणि डांबराचा राडारोडा यांचंही तेच.

टेप घ्या आणि घेर मोजा

झाडाभोवती किती जागा राखायची, याचा अंदाज डोळ्यांनी करू नका. साधा शिंप्याचा टेप पुरतो. जमिनीपासून छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३ ते १.५ मीटरवर (देशोदेशीच्या मानकांत यात थोडा फरक आहे), खोडाचा घेर मोजा. झाड उतारावर असेल तर उंची उताराच्या वरच्या बाजूने धरा. त्याच उंचीवर गाठ किंवा फुगवटा आला, तर त्याच्या जरा खाली, जिथे खोड सर्वांत बारीक आहे तिथे मोजा.

बांधकामाजवळची झाडं जपण्यासाठीचं ब्रिटनचं मानक बी.एस. ५८३७ आणि ऑस्ट्रेलियाचं ए.एस. ४९७० यांचा मूळ हिशोब एकच आहे: खोडाचा व्यास गुणिले १२, ही राखीव वर्तुळाची त्रिज्या. व्यास थेट मोजता येत नाही, घेर येतो. तेव्हा घेराला ३.८२ ने गुणा, उत्तर तेच येतं. घाईत असाल तर ‘घेराची चौपट’ लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये पाइप आणि केबल टाकणाऱ्या कंपन्यांसाठी केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही सावधगिरीचं अंतर हेच, घेराच्या चौपट.

उदाहरण घ्या. घेर १५० सेंटिमीटर. व्यास आला साधारण ४८ सेंटिमीटर, राखीव त्रिज्या ५.७ मीटरच्या आसपास, आणि क्षेत्रफळ १०० चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त. पहिल्यांदा हा आकडा ऐकणारा माणूस हमखास म्हणतो, ‘मग रस्ता कुठे करायचा?’ प्रश्न रास्त आहे आणि त्यावर पुढे येऊच. पण आधी खरा आकडा कागदावर येऊ द्या. सोयीचा आकडा आधी ठरवून झाड त्यात बसवू नका.

जमिनीपासूनच दोन-तीन खोडं फुटली असतील तर प्रत्येकाच्या व्यासाचा वर्ग करा, बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. ३० आणि ४० सेंटिमीटरची दोन खोडं म्हणजे हिशोबापुरतं ५० सेंटिमीटरचं एक खोड.

या वर्तुळाच्या आत आणखी एक लहान वर्तुळ असतं. तिथली जाड मुळं झाडाला खाऊ घालण्यापेक्षा उभं धरून ठेवतात. वरच्या आकाराच्या झाडासाठी ऑस्ट्रेलियन सूत्राने ते साधारण अडीच मीटर त्रिज्येचं येतं. बाहेरच्या वर्तुळात तडजोड होऊ शकते, ए.एस. ४९७० मध्ये १० टक्क्यांपेक्षा कमी क्षेत्रावरचं अतिक्रमण किरकोळ धरलं आहे, तेही तेवढीच जागा वर्तुळाला लागूनच दुसऱ्या बाजूला दिली तर. आतल्या वर्तुळात मात्र तडजोड नाही. तिथली मुळं तुटली तर प्रश्न झाडाच्या तब्येतीचा राहत नाही, खालून जाणाऱ्या माणसाच्या डोक्याचा होतो.

वर्तुळ हे कागदावरचं सोंग आहे, हेही सांगायला हवं. रस्त्याकाठच्या झाडाची मुळं गोल पसरत नाहीत. जुन्या रस्त्याखाली खडी-मुरूम दाबून घट्ट केलेला असतो, तिथे ती फारशी शिरत नाहीत. मोकळ्या पट्टीच्या, बागेच्या, गळक्या पाइपाच्या बाजूने ती धावतात. म्हणून जाणकार वृक्षतज्ज्ञ वर्तुळाचं क्षेत्रफळ तेवढंच ठेवून आकार बदलतात. पण हा बदल अंदाजाने करायचा नाही. जिथे खोदकामाची कडा येणार आहे तिथे हाताने एक अरुंद चाचणी-चर खणून मुळं किती, कोणत्या जाडीची आणि किती खोल आहेत ते बघायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. महिनाभराचा वाद वाचतो.

झाडाची तपासणी: खालून वर

प्रत्येक झाडाला नंबर द्या. खिळा ठोकून नव्हे, सैल बांधलेल्या पट्टीने किंवा रंगाच्या लहान ठिपक्याने. नंबर, जात, घेर, अंदाजे उंची, चारही दिशांना पालवी किती पसरली आहे आणि सर्वांत खालची फांदी जमिनीपासून किती उंच, एवढं वहीत हवंच. शेवटची नोंद बरेच जण विसरतात आणि मग ट्रकचा हौदा झाडात अडकला की आठवते.

मग तब्येत. लोक वर पानांकडे बघतात, मी खाली बघून सुरुवात करतो. खोड जमिनीत शिरताना पायथ्याशी रुंद व्हायला हवं. ते खांबासारखं सरळ आत गेलेलं दिसलं, तर आधीच्या कुठल्यातरी कामात तिथे भराव पडला आहे आणि मुळांचा गळा (खोड आणि मुळं जुळतात तो भाग) मातीखाली गाडला गेला आहे. पायथ्याला भूछत्रं किंवा फळीसारखी कडक बुरशी आहे का बघा, कारण ती आत कुजण्याची खूण असते. माती एका बाजूला उचललेली किंवा भेगाळलेली आहे का? झाड कललेलं असेल तर कलाच्या उलट बाजूची ताजी भेग ही सर्वांत वाईट बातमी.

खोडावर ढोली, भेगा, साल सुटलेले भाग, गळणारा चिकट स्राव बघा. लाकडी हातोडीने हलके ठोके मारत फिरा. भरीव खोड टणक वाजतं, पोकळ खोड ढोलासारखं. पोकळ आहे म्हणून लगेच करवत काढायची नाही. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस मॅथेक यांनी पाडलेल्या आणि पडलेल्या झाडांच्या अभ्यासातून एक ठोकताळा दिला आहे. पोकळीभोवतीच्या निरोगी लाकडाची भिंत खोडाच्या त्रिज्येच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी उरली की मोडण्याचा धोका बराच वाढतो. म्हणजे त्रिज्या २४ सेंटिमीटर असेल तर साधारण ७ सेंटिमीटरची भिंत. ती मोजायला बारीक सुईच्या ड्रिलचं यंत्र लागतं. ते काम तज्ज्ञाचं.

वर बघताना पानांचा आकार आणि दाटी त्याच जातीच्या जवळच्या दुसऱ्या झाडाशी ताडून बघा. शेंडे वाळले आहेत का? दोन जाड फांद्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या चिकटून फुटल्या आहेत आणि मध्ये साल दबली आहे का? अशी जोडणी आतून कच्ची असते.

एवढं झाल्यावर झाडांची वर्गवारी करा. बी.एस. ५८३७ ची रीत सोपी आहे: किमान ४० वर्षं टिकेल असं उत्तम झाड ‘ए’, २० वर्षांचं ‘बी’, १० वर्षांचं किंवा अगदी कोवळं झाड ‘सी’, आणि १० वर्षंही निघणार नाहीत असं ‘यू’. याचा उपयोग झाड तोडायला कारण शोधण्यासाठी करू नका. भांडायचं कशासाठी हे ठरवायला करा. रस्ता एक मीटर सरकवता येत असेल तर तो ‘ए’ झाडासाठी सरकवायचा. सगळीच झाडं सारखी मौल्यवान आहेत असा आग्रह धरणाऱ्याचं बैठकीत शेवटी एकही झाड वाचत नाही, हे मी पाहिलं आहे.

जातींचा स्वभावही वेगवेगळा असतो. वडाच्या कुळातली झाडं मुळं छाटलेली बऱ्यापैकी सोसतात. काही जाती एवढ्याशा धक्क्यानेही वठतात. आणि जात कुठलीही असो, तरुण झाड म्हाताऱ्यापेक्षा लवकर सावरतं. सर्वांत मोठं, सर्वांत जुनं झाड दिसायला दणकट दिसतं, पण धक्का सोसायला त्याच्याकडे शिल्लक कमी असते.

नकाशा समोर ठेवून घासाघीस

आता झाडांची वर्तुळं कामाच्या नकाशावर काढा. त्याच प्रमाणात, त्याच कागदावर. मग त्यावर गटाराचा चर, केबलचा चर, कर्बची (पदपथाच्या कडेच्या दगडांची) रेघ, दिव्याचे खांब, मॅनहोल आणि यंत्राची फिरण्याची वाट काढा. जिथे रेघा वर्तुळात घुसतात तिथे खुणा करा. नकाशातून बहुतेक वेळा सुटतात ती तात्पुरती कामं: खडीचा ढीग कुठे, मिक्सर कुठे, कामगारांची झोपडी कुठे. कायमच्या बांधकामापेक्षा या तात्पुरत्या गोष्टींनीच झाडं जास्त जातात. सावली दिसली की माणसं, यंत्रं, सिमेंटच्या गोण्या, सगळे तिच्याकडे सरकतात. यात दुष्टपणा नसतो, ऊन असतं. म्हणून कामगारांसाठी दुसरीकडे सावलीची सोय करणं हासुद्धा वृक्षसंरक्षणाचाच भाग आहे.

घासाघीस करताना ‘काम थांबवा’ म्हणण्याऐवजी पर्याय हातात ठेवा. पाइप, केबल, पाणी यांचे तीन वेगळे चर नकाशावर असतील तर तिन्ही एकाच चरात येतील का? चर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाईल का? कर्ब झाडापाशी थोडा बाहेर काढून पार्किंगची एक जागा सोडता येईल का? पदपथ त्या चार-पाच मीटरपुरता अरुंद चालेल का? दिव्याचा खांब वर्तुळाबाहेर दोन मीटर सरकेल का? यातले निम्मे बदल कागदावर फुकट असतात. ठेका दिल्यावर त्याच बदलाला पैसे पडतात, आणि चर खणल्यावर तो होतच नाही.

चर झाडाजवळून जाणारच असेल तर दोन गोष्टी बघा. बुंध्याच्या बाजूने आडवा जाणारा चर त्या बाजूची जवळपास सगळी मुळं कापतो. बुंध्याच्या दिशेने सरळ येऊन थांबणारा चर मुळांच्या ओळीने जातो, कमी कापतो. आणि वरून खणण्याऐवजी खालून बोगदा काढता आला तर उत्तमच. आडव्या ड्रिलिंगने पाइप १ मीटरपेक्षा खोल नेला तर मुळांचा बहुतेक थर वरच राहतो. फक्त ड्रिलचं यंत्र उतरवायचे खड्डे वर्तुळाबाहेर हवेत. ते आत घेतले तर बोगद्याचा खर्च वाया गेला.

‘झाड उचलून दुसरीकडे लावू’ हा पर्याय बैठकीत कोणीतरी हमखास मांडतो. तेव्हा हिशोब करा. झाड हलवताना मुळांसकट मातीचा गोळा खोडाच्या व्यासाच्या निदान १० पट रुंद लागतो. आपल्या ४८ सेंटिमीटरच्या झाडाला जवळपास ५ मीटर रुंदीचा गोळा. तो उचलायला लागणारी क्रेन, वाट, तयार खड्डा आणि नंतरची काही वर्षांची देखभाल यांची तरतूद कागदावर दाखवा म्हणावं. फांद्या छाटून लहानशा गोळ्यासह ओंडका दुसऱ्या खड्ड्यात उभा करणं म्हणजे पुनर्रोपण नव्हे.

जे ठरेल ते ठेक्याच्या कागदपत्रांत गेलं पाहिजे: झाडांचे नंबर, राखीव वर्तुळं, कुठल्या टप्प्यावर कोणाच्या उपस्थितीत खणायचं आणि झाडाला इजा झाली तर किती रक्कम कापायची. तोंडी आश्वासन देणारा माणूस कामाच्या दिवशी साइटवर नसतो. तोडणी-छाटणीच्या परवानग्या स्थानिक नियमांप्रमाणे आधीच घ्या, आणि घरटी आहेत का तेही आधीच बघा.

कुंपण, फळ्या आणि जमिनीचं चिलखत

कुंपण हे पहिलं काम. यंत्र साइटवर उतरण्याआधीचं, आणि शेवटचं यंत्र गेल्यावरच काढायचं. प्लास्टिकची केशरी जाळी चालत नाही. ती दुसऱ्या दिवशी वाकलेली असते, चौथ्या दिवशी तिच्या आत वाळू. जमिनीत किंवा चौकटीत घट्ट बसवलेले पत्रे किंवा जाळीचे पॅनल, साधारण दोन मीटर उंच, असे हवेत की सरकवायला चार माणसं लागावीत. त्यावर पाटी लावा: आत साहित्य, यंत्र, माणूस काहीही नाही. पाटी कामगारांना वाचता येईल अशा भाषेत हवी. ही बारीक गोष्ट वाटते, पण पाटी साहेबाच्या भाषेत असते आणि फावडं दुसऱ्याच्याच हातात.

अरुंद रस्त्यावर पूर्ण वर्तुळाला कुंपण घालता येत नाही. मग जेवढं जमेल तेवढं घाला आणि उरलेल्या भागात जमीन झाका. नुसत्या पायी वर्दळीला पाचोळ्याच्या थरावर फळ्या पुरतात. हलकं यंत्र जाणार असेल तर खाली जाड कापडी जाळी, त्यावर लाकडाच्या तुकड्यांचा किमान १५ सेंटिमीटर थर आणि त्यावर जाड प्लायवूड किंवा पोलादी प्लेटा. थर ३० सेंटिमीटरपर्यंत जाड केला तर आणखी बरं. काम संपल्यावर हे सगळं काढून घ्यायचं असतं. कापडी जाळी त्यासाठीच, म्हणजे लाकडाचे तुकडे मातीत मिसळत नाहीत.

खोडाला उभ्या फळ्या बांधा. आतून गोणपाट किंवा जुन्या टायरचे तुकडे लावा, बाहेरून दोरीने किंवा तारेने आवळा. तार सालीला टेकता कामा नये आणि खिळा एकही नको. फळ्या पायथ्याच्या रुंद मुळांवर टेकवू नका. आणि एक गैरसमज: खोडाला फळ्या बांधल्या म्हणजे झाड सुरक्षित झालं असं नाही. फळ्या फक्त साल वाचवतात.

फांद्या यंत्राच्या वाटेत येत असतील तर आधी प्रशिक्षित माणसाकडून नेमक्या त्याच फांद्या काढून घ्या. यंत्राने मोडून निघालेली फांदी खोडाची साल सोलत खाली येते. काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर घ्यायचा, खोडाला चाटून नाही आणि खुंट ठेवूनही नाही. ‘मुळं कापली, मग वरही छाटून तोल साधू’ हा सल्ला मोडीत निघाला आहे. नवी मुळं फुटायला लागणारं अन्न पानंच बनवतात. जखमी झाडाची पानं काढणं म्हणजे आजाऱ्याचं जेवण बंद करणं.

काम कोरड्या दिवसांत असेल तर दोन-तीन आठवडे आधीपासून पाणी द्या. बुंध्याशी नाही, वर्तुळभर सावकाश, असं की ३० ते ४५ सेंटिमीटर खोल ओल पोचावी. एक लोखंडी सळई खुपसून बघा. ओल्या मातीत ती सहज उतरते, कोरड्यात अडते.

खणण्याचा दिवस

राखीव वर्तुळात जेसीबी नाही. हा नियम का, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही. बकेटचे दात मूळ कापत नाहीत, ते मुळाला पकडतात आणि ओढतात. चराच्या कडेला एक तुटलेलं टोक दिसतं, पण मूळ आत बुंध्याच्या दिशेने पार लांबवर चिरलेलं असतं आणि त्या चिरेतून कूज आत शिरते. त्याऐवजी कुदळ-फावड्याने हलक्या हाताने खणा. सोय असेल तर दाबाच्या हवेने माती उडवणारं यंत्र सर्वांत चांगलं. त्याने माती निघून जाते, मुळं जागेवर राहतात.

खोडापासून १ मीटरच्या आत तर हाताने खणणंही नको. पुढे मुळं दिसायला लागली की जाडीवर निर्णय घ्या. २५ मिलिमीटरपेक्षा बारीक आणि सुटं मूळ वाटेत येत असेल तर धारदार करवतीने किंवा सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) सरळ, स्वच्छ काप घ्या. बारीक मुळांचा दाट झुबका मात्र जाड मुळाइतकाच जपायचा. २५ मिलिमीटरपेक्षा जाड मुळाला तज्ज्ञाला विचारल्याशिवाय हात नाही. पाइप त्याच्या खालून सरकवा. ५० मिलिमीटरच्या पुढचं मूळ म्हणजे काम थांबवून नकाशा पुन्हा बघायची वेळ. कापावर डांबर, रंग, चुना काहीही फासू नका. अमेरिकी शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती आतून भिंती उभारून कूज कोंडते. वरच्या लेपाने कूज थांबत नाही. स्वच्छ, लहान काप मात्र झाडाचं काम सोपं करतो.

उघडी पडलेली मुळं तासाभरातही सुकू शकतात. त्यांच्यावर ओलं गोणपाट टाका आणि ते ओलं ठेवा. चर शक्यतो त्याच दिवशी बुजवा. रात्रभर उघडा राहणारच असेल तर चराची झाडाकडची भिंत गोणपाटाने झाकून पाणी मारा. बुजवताना गोणपाट काढून घ्या, मुळांभोवती आधी जाडसर, मीठ नसलेली वाळू किंवा निघालेली मूळची वरची माती घाला, राडारोडा नाही. पायाने हलकं दाबा. माती ठोकून घट्ट करायला व्हायब्रेटर मारायची सवय इथे सोडा.

त्या दिवशी तिथे कोणीतरी उभं राहिलं पाहिजे, आणि काम थांबवायचा अधिकार त्याच्याकडे हवा. नुसता निरीक्षक उपयोगाचा नाही. प्रत्येक झाडाचे ठरावीक ठिकाणांहून फोटो, कापलेल्या मुळांची जाडी, बाजू आणि बुंध्यापासूनचं अंतर वहीत लिहा. ही वही दोन वर्षांनी सोन्याची ठरते.

आतल्या वर्तुळातली जाड मुळं एका बाजूने तुटलीच, तर लपवाछपवी करू नका. त्या क्षणी खालची वाहतूक हटवा आणि तज्ज्ञाला बोलवा. कधीकधी उत्तर ‘झाड काढा’ असंच येतं. अर्ध्या मुळांवर उभं असलेलं मोठं झाड शाळेच्या वाटेवर ठेवणं म्हणजे झाडावरचं प्रेम नव्हे.

वरचा थर परत घालताना

इतकं सांभाळून शेवटच्या आठवड्यात सगळं घालवणारी गोष्ट म्हणजे फिनिशिंग. बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलं जातं, पेव्हर ब्लॉक सालीपर्यंत येतात आणि झाडाच्या गळ्याला गोल चौथरा बांधला जातो. चौथऱ्यात माती भरली तर ते आणखी वाईट, कारण गाडलेली साल कुजते. बुंध्याभोवती जमेल तितकी जास्त मोकळी, न झाकलेली माती ठेवा, आणि खोड पुढे जाड होणार आहे हे धरून ठेवा. लोखंडी जाळी लावायचीच तर तिचं भोक मोठं करता येईल अशी घ्या.

जमिनीची पातळी बदलू नका. वर १५ सेंटिमीटर भराव टाकला तरी मुळांची हवा तुटू शकते, आणि तेवढीच माती खरवडली तर तंतुमुळांचा मोठा भाग गेला. पदपथासाठी खोल खणून खडीचा पाया भरण्याऐवजी आहे त्या पातळीवर, मधमाशीच्या पोळ्यासारख्या प्लास्टिक कप्प्यांत खडी भरून, वरून पाणी झिरपू देणारी फरशी बसवता येते. कर्बचा सलग पाया मुळात घुसत असेल तर मुळाच्या दोन बाजूंना आधार घेऊन वरून पुलासारखा दगड टाका.

फरशी उचलली म्हणून मूळ छाटायचं, ही जुनी खोड आहे. फरशी काढा, मुळावरून हलका चढ-उतार द्या किंवा त्या तुकड्यात लवचीक पृष्ठभाग घाला. फरशी बदलता येते. नव्या झाडांचे खड्डे करणार असाल तर कॉर्नेल विद्यापीठात विकसित झालेली खडी-मातीची मिश्रणं पाहण्यासारखी आहेत. एकसारख्या आकाराची खडी वरचा भार पेलते आणि फटींतली माती मुळांना वाट देते.

काम संपल्यावर

पहिल्या आठवड्यात राडारोडा, सिमेंटचे गोळे, बांधलेल्या दोऱ्या काढा. दोरी विसरली तर खोड तिच्यावर वाढतं. दाबलेली माती हवेच्या यंत्राने किंवा हाताने काट्याने सैल करा, मुळं सांभाळून. त्यावर पाचोळा किंवा लाकडाच्या तुकड्यांचं ५ ते १० सेंटिमीटरचं आच्छादन घाला. खोडाला ते टेकू देऊ नका, तळहाताएवढं अंतर सोडा. खत? घाई नको. नत्राचा डोस दिला की झाड पानं काढत सुटतं आणि ती पोसायला मुळं नसतात. पहिली दोन-तीन वर्षं कोरड्या दिवसांत खोलवर पाणी हेच औषध.

तपासणी निदान पाच वर्षं, वर्षातून दोनदा, त्याच वहीत आणि त्याच ठिकाणांहून फोटो काढून. पानं लहान होणं, वेळेआधी गळणं, एकाच बाजूचे शेंडे वाळणं, खोडावर अचानक भरपूर कोवळे फुटवे येणं, या धोक्याच्या खुणा. फुटवे बघून लोक खूश होतात, ‘बघा, जोमात आहे!’ बरेचदा ती झाडाची धडपड असते. ज्या बाजूला मुळं कापली होती तिथे पायथ्याशी बुरशी उगवली, खोडाचा कल वाढला किंवा वारा सुटल्यावर बुंध्याजवळची माती उचलली जाताना दिसली, तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. खालचा रस्ता त्याच दिवशी बंद करून घ्या आणि वही घेऊन तज्ज्ञासमोर बसा. कोणतं मूळ, कधी, किती अंतरावर कापलं, हे तोच पहिल्यांदा विचारेल.